काट्यापुढे वाकलेला माणूस

मी हात जोडणाऱ्यांतली नाही. पत्रकं लिहिते, वाटते, दवाखान्यांच्या दारात धरणं धरते. सदर भागातल्या एका खासगी दवाखान्यात आईला ऑक्सिजनवर ठेवलं, तेव्हाही माझा विश्वास फक्त जाब विचारण्यावर होता. आई मात्र पडल्या पडल्या त्रिशरण पुटपुटायची, बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जायची. शरण जाणं म्हणजे हार, असं मी तिला तोंडावर म्हणाले होते.

वरच्या मजल्याचं बांधकाम चालू आणि खाली पेशंट भरलेले, याचा मला संताप. वर पाइप जोडताना ऑक्सिजनचा दाब हलला की वॉर्डातला अलार्म कोकलायचा. तीन दिवस आईचा डोळा लागला नाही. चौथ्या सकाळी मी सिस्टरवर ओरडले, "बंद करा हा भोंगा, नाहीतर उद्या तुमच्या नावाचं पत्रक काढते." तिनं घाबरून आवाज बंद केला. लाल दिवा राहिला, पण तो रोजच लागायचा. त्याच्याकडे कोण बघणार?

दुपारी वरचे पाइप जोडणारे, खापा गावचे एक वयस्क फिटर आले. त्या दिवशी त्यांचं काम दुसऱ्या इमारतीत होतं. इथं विसरलेला पाना न्यायला आले होते. जाता जाता वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या पाइपावरच्या दाबाच्या काट्यापुढे हात जोडून वाकले. मी म्हणाले, "काका, आता पाइपालाही नवस?"

"हास वं पोरी. वाकलो का काटा बराबर दिसते मले," ते म्हणाले, आणि वाकलेलेच राहिले. "सिस्टर, सिलिंडर आणा. काटा खाली येऊन राहिला."

वर कुणीतरी आमच्याच वॉर्डाचा व्हॉल्व्ह बंद केला होता. काका तो उघडायला जिन्याकडे धावले. आईचे ओठ निळे पडत होते. सिस्टर सिलिंडर जोडत होती आणि मी नुसती उभी. जाब कुणाला विचारू? आवाज बंद करायला लावणारी मीच. तेव्हा तोंडातून निघाले ते आईचेच शब्द. काटा हळूहळू वर चढला. आईनं डोळे उघडले.

नंतर मी काकांना विचारलं, पाना नेमका इथंच काहून विसरला? "म्हातारा होऊन राहिलो, अजून काय," म्हणाले.

याला चमत्कार म्हणायची सवलत माझा धम्म मला देत नाही. पण त्या माणसाचं येणं माझ्या हातात नव्हतं, हे मान्य करायला मला फार वाकावं लागलं, आणि वाकल्यावर हलकं वाटलं. शरण जाणं ते हेच असावं.

बांधकामाविरुद्धची तक्रार मी तरीही लिहिलीच. पहिल्या ओळीत माझी चूक लिहिली आणि कागद सिस्टरपुढे ठेवून तिची माफी मागितली. तिनं तो दोनदा वाचला, पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.