कुलूप फॉरवर्ड निवडतो

माझा धाकटा भाऊ चष्म्याचे दुकान चालवतो आणि देशाच्या मुलींच्या आइस हॉकी संघासाठी फॉरवर्ड निवडतो. पहिल्या कामावर त्याचे घर चालते, दुसऱ्यावर तो स्वतः. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरे वाचायला लावून हा मध्येच विचारणार, "बर्फावरची हॉकी बघता का कधी?" बिचारे गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात धरून नाही म्हणते, आणि मग त्याची सुटका नसते.

आमच्याकडे हा खेळ खेळणारे थोडे, कळणारे त्याहून थोडे. एके काळी खेळलेली तीन माणसे सापडली, त्यांचीच निवड समिती झाली. एक त्वचेचे डॉक्टर, एक शाळेत कवायत घेणाऱ्या बाई आणि माझा भाऊ. तरुणपणी तो गोलरक्षक होता. त्याच्या बाजूने काही आत जात नसे म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणत, अजूनही म्हणतात. जन्मभर गोल अडवणाऱ्याला गोल मारणाऱ्या मुली निवडायला का बसवले, असे मी एकदा विचारले होते. तो म्हणाला, "ताई, कोण जोरात मारतं ते मार खाल्लेल्यालाच विचारायचं ना!"

आणि मार खाण्यावर त्याची खरोखरच श्रद्धा. सामन्यातले गोल तो मानत नाही. "ते नशिबानेसुद्धा होतात." निवडीच्या दिवशी तो जुने पॅड पायाला बांधतो, जाळीचा मुखवटा चढवतो आणि स्वतः गोलमध्ये उभा राहतो. प्रत्येक मुलीने समोरून घसरत यायचे आणि रबराची काळी चकती त्याच्यावर मारायची. ती अडवताना ज्या मुलीने त्याला जास्त दमवले, ती संघात.

ही पद्धत तो तिशीत होता तोवर छान चालली. आता त्याचे पोट त्याच्याआधी गोलमध्ये पोचते, तरी दरवर्षी तो जास्तच चकत्या अडवायला लागला होता. घरी येऊन सुस्कारे टाकायचा. "देशात फॉरवर्ड उरलेच नाहीत गं ताई." चेहऱ्यावर मात्र दुःख कमी, समाधान जास्त. संघ बाहेर जाऊन हरून आला की पेपर घेऊन माझ्याकडे हजर. "बघ, मी म्हटलंच होतं."

खरी गोष्ट त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होती. मागे एका मुलीची चकती त्याच्या गुडघ्यावर बसली होती, आणि बरेच दिवस दुकान वहिनीला एकटीने सांभाळावे लागले. भावाने त्या मुलीला कौतुकाने संघात घेतले, पण ज्याने त्याने तिलाच धारेवर धरले. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षक मुलींना बजावून पाठवू लागला, सरांना जपा. मुली जपत. आणखी एक गंमत म्हणजे, भाऊ जसजसा दमत जाई तसतशी त्याला समोरची मुलगी भारी वाटू लागे. हे मुलींच्या लक्षात आले, तेव्हा सगळ्यांत शेवटी जाण्यासाठी त्यांच्यात ढकलाढकली सुरू झाली. भाऊ म्हणायचा, "किती नम्र पोरी आहेत! तू आधी, तू आधी करतात."

त्याची स्वतःची मुलगीही फॉरवर्ड. घरात तिला छकुली म्हणतात, पण तिचे खांदे बघितले की हाक मारायला जीभ अडखळते. तिला त्याने कधी निवडीला येऊच दिले नव्हते. "समितीत मी, आणि बर्फावर माझी मुलगी? लोक तोंडात शेण घालतील." यंदा तिला नोकरी लागली होती, अशा गावात, जिथे बर्फ फक्त सरबतात मिळतो. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. तिने परस्पर नाव दिले आणि जेवताना सांगितले.

भावाचा घास हातातच राहिला. "मी तुझ्यासाठी बोटसुद्धा उचलणार नाही."

"नका उचलू. फक्त गोलमध्ये उभे राहा."

वहिनी म्हणाली, "मी येणार नाही बाई. कोणाला लागेल याची काळजी करायची तेच मला कळत नाही." म्हणून मी गेले. शाल गुंडाळून, मनात देवाचे नाव घेत, कवायतीच्या बाईंशेजारी बाकावर बसले. मला खेळातले ओ की ठो कळत नाही, पण कान आहेत. सरावात मुलींच्या चकत्या कडेच्या फळ्यांवर फाडफाड आदळत होत्या. भाऊ गोलमध्ये उभा राहिला आणि आवाजच गेला. पाहुण्यापुढे चहाचा कप सरकवावा तशा चकत्या त्याच्या पॅडपाशी येऊ लागल्या.

"वा सर!" मुली म्हणत.

मी बाईंना म्हटले, "अहो, हे काय चाललंय?"

"आदर," बाई म्हणाल्या.

"मग त्याला कोणी सांगत का नाही?"

"तुम्ही सांगा की. तुम्ही मोठी बहीण." मी शाल सारखी केली.

मग छकुली आली. पहिली चकती त्याचा हात हलायच्या आत जाळ्यात. भाऊ म्हणाला, "बर्फ खराब आहे इथे." दुसरी त्याच्या पायांमधून गेली. तिसरी थेट खांद्यावर बसली आणि तो मटकन खाली बसला. छकुली त्याच्याजवळ गेली.

"बाबा, लागलं?"

"सर म्हण."

"सर, लागलं?"

"नाही." तो तसाच बसून तिच्याकडे बघत राहिला. मग कडेला रांगेत उभ्या मुलींकडे त्याने बघितले. त्या एकेक करून आपापले बूट बघू लागल्या. चाळिशी लावल्यावर माणसाला ताटातला खडा दिसावा, तसा त्याचा चेहरा झाला.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "सगळ्या परत या. पहिल्यापासून. आणि जी मला जपेल, तिने सरळ घरी जायचं."

पुढचा बहुतेक वेळ मी डोळे बंद करून जप केला. फाडफाड आवाज मात्र येत होता. एक चकती त्याने अशी काही झेप घेऊन अडवली की मारणाऱ्या मुलीनेच काठी आपटून दाद दिली. बाकीच्या जवळजवळ सगळ्या आत गेल्या. देशात फॉरवर्ड नाहीत म्हणणाऱ्यासमोर फॉरवर्डचा पूर आला होता, आणि त्यात छकुलीही आता अनेकींतली एक झाली होती.

समिती कपडे बदलायच्या खोलीत बसली. मी भावाच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून उभी होते, म्हणून मला कोणी बाहेर जा म्हणाले नाही. नावे ठरत गेली. एक जागा उरली.

"छकुली," बाई म्हणाल्या.

"तिच्याइतक्याच चांगल्या आणखी दोघी आहेत," भाऊ म्हणाला.

"आहेत. पण तुमच्यावर आधी मारायची हिंमत तिने केली. डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "मी कुलूपरावांच्या मताला बांधलेला." ते नेहमीच असे बांधलेले असत.

आता भाऊ कात्रीत सापडला. हो म्हटले तर बापाने मुलीला घुसवले, नाही म्हटले तर तिची शेवटची संधी त्याच्या हातून जाणार. दुकानातसुद्धा समितीचा कोट घालून बसणारा माणूस हा.

"मला समितीत धरू नका," तो म्हणाला. "आजपासून. दोघे मिळून ठरवा." आणि बर्फाच्या पिशवीसकट तो बाहेर गेला. मीही मागोमाग गेले, पिशवी माझी होती.

छकुलीची निवड झाली. गावात बोलले गेले की मुलीसाठी त्याने खुर्ची सोडली, केवढा वशिला! समितीत राहून तिच्यासाठी हात वर केला असता तरी लोक हेच बोलले असते.

संध्याकाळी वहिनी त्याचा खांदा शेकत होती. छकुली समोर येऊन बसली.

"तुम्ही समितीत असता तर मला घेतलं असतंत?"

मी देवाला म्हटले, आता तरी याला खोटे बोलायची बुद्धी दे.

"नसतं घेतलं," तो म्हणाला. "डावीकडे वळताना तू मान खाली घालतेस. मला आधीच कळतं, कुठे मारणार ते."

"कळतं? मग अडवली का नाहीत?"

"कळायला डोळे लागतात, अडवायला गुडघे."

छकुली उठली. मला वाटले, आता दार आपटणार. तिने टेबल सरकवले, वाटी आणि लाटणे आणले आणि चकती म्हणून वाटी त्याच्यापुढे पालथी घातली. "दाखवा, कुठे मान खाली घालते ते."

"अगं, चपात्या व्हायच्यात अजून!" वहिनी ओरडली. लाटणे काही परत मिळाले नाही.