स्फटिकाला लावलेलं कुंकू

तुलसीराम बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावचा. बाप उसात कोयता चालवायचा आणि खंडेनवमीला त्याच कोयत्याला हळदकुंकू वाहायचा. तुलसीराम व्हाकोआ शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई झाला, तरी रीत तीच, बरं का! नवमी आली की तराजू, दुर्बीण, अगदी छताचा पंखासुद्धा सुटायचा नाही.

शहाऐंशी साली तिथल्या भौतिकशास्त्राच्या इंद्रदेव सरांनी परदेशातून एक स्फटिक आणला. साखरेच्या खड्याएवढा! सर म्हणाले, "काका, खडबडीत काचेतून गेलं की चित्र विस्कटतं ना? हा खडा उजेडाला आल्या वाटेनंच माघारी धाडतो. त्याच काचेतून परतताना चित्र पुन्हा नीट होतं."

असलं गुणी हत्यार! नवमीला पहिला मान त्यालाच. खोबरेलात कालवलेलं कुंकू तुलसीरामनं अंगठ्यानं ठसठशीत लावलं. मग आठवलं, बोट लावायचं नाही म्हणून सरांनी बजावलं होतं. झालं! सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसलं.

दुसऱ्या दिवशी खड्याची करामत बघायला पाहुणे जमले. सरांनी लेझरचा लाल किरण सोडला. "जरा दम धरा, खडा उजेडाची वाट सावकाश शिकतो." सगळ्यांनी दम धरला. चित्र काही परतेना, नुसता मळकट लाल डाग. सरांनी भिंगातून पाहिलं, तर खड्यावर ओरखडेच ओरखडे.

"विद्यावती, तू पुसलास?"

विद्यावती म्हणजे नुकतीच लागलेली मास्तरीण. "नाही हो सर, मी डबीसुद्धा उघडली नाही."

"मग भुतानं पुसला?"

पाहुणे हसले. पोरीचे डोळे भरले. तुलसीरामचे कान तापले. नखात कुंकू तसंच होतं. त्यानं मूठ खिशात कोंबली.

पाहुण्यांच्या मोटारी फाटकाबाहेर गेल्या, तेव्हा कुठं त्याला वाचा फुटली. "सर, मीच. पूजा केली खड्याची."

"बोंद्ये!" सरांनी देवाचं नाव घेत कपाळाला हात लावला, मग हसूच फुटलं त्यांना. "अहो काका, गुळगुळीत घासून आणू पुन्हा. पण कोयता समजलात की काय त्याला?"

विद्यावती हसली नाही. "काका, पाहुणे होते तेव्हा का नाही बोललात?"

तुलसीराम नखातलं कुंकू खरवडू लागला. मान वर होईना.

खडा घासून आला, चित्रही नीट परतू लागलं. पुढच्या नवमीला विद्यावतीनं बंद डबी त्याच्यासमोर ठेवली, शेजारी कुंकवाची वाटी. "लावा काका. डबीला लावा."

तुलसीरामनं लावलं. टिळा वाकडा झाला. तो सरळ करायला तिनं वाटी पुन्हा पुढं सरकवली, तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.