करडाचं तिकीट

दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला गेले आणि झरीहून परभणीला मला नेणारं कुणी उरलं नाही. मी जन्मापासून आंधळी. परभणीच्या एका शाळेत गाणं शिकवते. "गुढीपाडव्यापर्यंत रजा टाक," असं घरी उरलेले म्हातारे आई-बाबा सहज बोलून गेले. रजा कशाची? तापबिप मला नव्हता, पाय धडधाकट होते. आणि इतके दिवस गैरहजर राहिले असते तर नोकरी गेलीच असती.

आमचा गावठी कुत्रा रोज भावासोबत माझ्या पुढे स्टँडपर्यंत यायचा. नाली आली की थांबायचा, मोटारसायकल आली की मला आडवा व्हायचा. मी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि निघाले.

एसटीच्या पायरीवर कंडक्टरनं अडवलं. "ताई, कुत्रं खाली सोडा. गाडीत जमत न्हाई."

"ह्योच मला रस्ता दाखवतोय. शाळंत जायचंय मला."

"मग सोबत माणूस आना की."

तेवढ्यात आतून करडू ओरडलं. कुणीतरी बाजाराला नेत असणार.

"करडू जमतंय का?"

"त्येचं तिकीट काढलंय. कुत्रं नियमात बसत न्हाई."

"कुठला नियम? दाखवा."

"दाखवून तुमाला दिसनार हाय का?"

गाडीत दोघं-तिघं हसले. माझं डोकंच फिरलं. "मग वाचून दाखवा. ऐकायला चांगलं येतंय मला."

 कंडक्टरजवळ वाचायला काहीच नव्हतं. मी दांडा घट्ट धरून पायरीवरच उभी राहिले. कायद्यात कुत्र्याचं नाव नसेल, पण माझा प्रवासाचा हक्क त्यात आहे, आणि तो मी कुणाकडे मागायला आले नव्हते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला. मागून एक बाई ओरडली, "घ्या ओ त्येन्ला, लय उशीर हुयलाय!"

शेवटी कंडक्टरनं मशीन काढलं. कुत्र्याचं तिकीट त्यात नव्हतं, म्हणून त्यानं करडाचं दिलं. राखीव सीटवरचा माणूस कुरकुरत उठला. कुत्रा सीटखाली शिरला आणि परभणी येईपर्यंत त्यानं हूं की चूं केलं नाही. मला मात्र ते तिकीट मुठीत टोचत होतं.

उतरताना कंडक्टर म्हणाला, "उद्या भावाला घिऊन या, ताई."

"भाऊ पाडव्याला येनार. उद्या आमी दोघंच येनार. अन् तिकीट माझ्या एकटीचंच काढा. चष्मेवाल्याकडून चष्म्याचं तिकीट घेता का तुमी?"