लग्नाचा फ्लोचार्ट

आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरं मराठी म्हणून मी निर्धास्त होते. मी नागपूरची, नोकरीपायी बंगळूरच्या मारतहळ्ळीत राहणारी. तो चामराजपेटचा, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरमध्ये मुरलेल्या घरातला. विधींची बोलणी निघाली आणि कळलं, भाषा एक असली तरी लग्नं दोन आहेत. त्यांच्याकडे काशीयात्रा असते. नवरदेव संसार नको म्हणत छत्री-काठी घेऊन निघतो आणि मुलीचे वडील त्याला अडवून परत आणतात. आमच्याकडे मुहूर्ताआधी मुलगी गौरीहर पुजायला बसते आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे वडील तिच्याशेजारून हलत नाहीत. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, यावर दोन्हीकडून फोनच फोन.

ऑफिसात माझं कामच मुळी आकृत्या काढण्याचं. एखादं काम कुठून सुरू होतं, कुठे फुटतं, कुठे परत एक होतं, ते चौकोन आणि बाणांनी दाखवायचं. एका रविवारी मी मोठा कागद घेतला आणि लग्नच काढलं. वरून एक रेघ आली, मग तिच्या दोन झाल्या. डावीकडे त्याची काशीयात्रा, उजवीकडे माझा गौरीहर, दोन्ही एकाच वेळी. खाली एक जाड आडवी रेघ ओढली. तो अंतरपाट. दोन्ही वाटा तिथे पोचल्याशिवाय पुढचं काही सुरू व्हायचं नाही.

फोटो दोन्ही घरी गेला आणि फोन थांबले. नागपूरहून बाबांचा तेवढा आला.

"अगं, छान आहे. पण मी दोन्ही रेघांवर आहे. एकाच वेळी दोन खोल्यांत कसा असणार?"

मी कागद पाहिला. खरंच, तेच एक नाव दोन चौकोनांत होतं. एक विधी मागे ढकलावा, तर मुहूर्त चुकत होता. संध्याकाळी चामराजपेटला गेले आणि सासूबाईंपुढे कागद पसरला. त्यांनी चष्मा लावून सावकाश बघितलं.

"सरी," त्या कानडीत होकार भरत म्हणाल्या, "मग तुझ्या आईनं अडवावं की. जावई तिचाही आहेच ना?"

भटजींना विचारायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. भटजींची हरकत नव्हती. आई आधी लाजली, मग चार दिवस आरशासमोर सराव करत होती म्हणे.

लग्नाच्या सकाळी मी गौरीहराशी बसले. बाबा शेजारी पाटावर. भिंतीपलीकडे सनई सुरू झाली, आणि थोड्या वेळाने सगळा हॉल हसला. पुन्हा हसला. माझा जीव तिकडे. उठून बघावं तर उठता येत नव्हतं.

"तिकडचं तिकडे होऊ दे," बाबा म्हणाले. "आपण दोघं इथं आहोत ना."

माझी मुंडावळी कपाळावरून घसरत होती. शाळेत जाताना रिबीन बांधायचे तशी, जीभ दातांत धरून, त्यांनी ती दोनदा सोडून नीट बांधली. नागपूर सोडल्यापासून आम्ही दोघंच असे निवांत कधी बसलो होतो, मला आठवेना. मी हळूहळू गौरीवर तांदूळ वाहत राहिले. पलीकडचं हसू येत होतं, आणि आता ते मला आवडायला लागलं होतं.

मग मामा न्यायला आले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पडदा बाजूला झाला तर समोर तो, हसून हसून डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं. मी हळूच विचारलं, काय झालं होतं तिकडे?

"तुझ्या आईनं विचारलं, काशीचं तिकीट कन्फर्म आहे का. मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मग लग्नच करून घ्या."

मला हसू आवरेना, त्यालाही. भटजींनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे आमचे हार एकमेकांच्या गळ्यात पडले.