आम्ही शेकायच्या पिशवीवाल्या

आम्हा एंडोमेट्रिओसिसवाल्यांच्या पोटात गाठी साचतात, तसे किस्सेही साचतात. गाठी डॉक्टर काढतात. किस्से मुलुंडच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना आपोआप निघतात. हसलं की दुखतं, तरी हसतो!

*

माझ्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत चाळिशी आली. तोवर नुसते सल्ले. आधी म्हणे, "लग्न झालं की थांबेल." मग, "मूल झालं की थांबेल." दोन मुलं झाली, तर म्हणे, "पाळी गेली की थांबेल!"

दिंडोशी कोर्टात काम करणारी वैशाली म्हणाली, "अगं, आमच्याकडेही असंच. नुसती पुढची तारीख!"

*

याच वैशालीला नर्सने विचारलं, "दुखणं दहापैकी किती?"

"नवरा घरी असला तर नऊ. पाहुणे असले तर दोन!"

*

शेकायची पिशवी प्रत्येकीच्या पर्समध्ये असतेच. पवईची रितू ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये ओढणीखाली घेऊन बसते. एकदा चुकून टेबलावर राहिली. एसीत गारठलेल्या साहेबांनी हात लावला. "अरे, झकास आहे!" म्हणत चक्क मांडीवर घेतली. मीटिंगभर रितू कळवळतेय, साहेब खूश!

शेवटी विचारतात, "कुठे मिळते?"

"सर, आधी पाळी यावी लागते!"

*

घाटकोपरची प्राजक्ता आमच्यात सगळ्यात लहान. दर महिन्याला आडवी पडायची, नोकरी जायची वेळ आलेली. डॉक्टर ऑपरेशन सांगत होत्या, पण आई 'हो' म्हणेना, आणि आईच्या मनाविरुद्ध ही जाईना. आम्ही म्हटलं, "आईलाच घेऊन ये ना!"

आई आल्या त्या नाही सांगायलाच. "बायलमाणसांच्या पोटात दुखताच. माका चार पोरां झाली. ऑपरेशन कित्याक?"

तेवढ्यात नर्स प्राजक्ताची माहिती घ्यायला आली. "पाळीत उलट्या होतात?"

प्राजक्ताने तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "होय!"

"कंबरेतून पायात कळ जाते?"

"जाता तर! भिंतीक धरून चलूचा लागता."

"कधीपासून?"

"परकर-पोलक्यात होतंय, तेव्हापासून."

नर्सने जीन्समधल्या प्राजक्ताकडे पाहिलं. "मावशी, पेशंट कोण?"

वैशालीने आपली गरम पिशवी काढून हळूच मावशींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती पोटाशी घट्ट धरली आणि डोळे मिटले.

"आवशी गो!" म्हणाल्या. मग डोळे न उघडताच, "माका जरा शेकूक देवा. तवसर माझ्या चेडवाच्या ऑपरेशनाची तारीख घेवा!"