पावणेदोनचा अलार्म

त्या दुपारी अलार्म माझ्या नवऱ्याने बंद केला नव्हता.

सुनीलला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य मी गिळून होते.

तो ऐरोलीच्या एका ग्रिड कंट्रोल रूममध्ये होता. नक्की काय करतोस, असं लग्नानंतर मी विचारलं तेव्हा आम्ही गच्चीवर चादर झटकत होतो.

"दोघांनी दोन टोकं हलवली की लाट येते ना? लांबलांबचे जनरेटर पन एकमेकांना असेच हेलकावे देतात. लाट मोठी व्हायच्या आत स्क्रीनवर पकडायची. सेकंदांचा खेळ हाय."

घणसोली गावातला तो. "हाय" फक्त घरात.

त्या दिवशी वाशीला माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. शिफ्ट दोनला संपणार होती. पुढच्या शिफ्टचा महेश एक वाजताच आला.

"दादा, तुम्ही निघा. मी आहे ना."

सगळेच एकमेकांना असं सोडायचे. लॉगिनही तेच चालू ठेवायचे, नव्याने स्क्रीन लावायला वेळ जातो म्हणून.

पावणेदोनला हेलकाव्यांचा अलार्म वाजला. खोटे अलार्म रोजचेच. महेशने बंद केला.

हा खरा होता. लाइन ट्रिप झाली, कितीतरी भागांतली वीज गेली.

लॉगमध्ये नाव सुनीलचं. आणि सुनील दवाखान्यात माझ्या शेजारी बसून आईच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी वाचत होता.

संध्याकाळी महेशचा फोन आला. "दादा, नेहमीसारखाच वाटला. दाबला."

चौकशीत मात्र तो म्हणाला, "मी दोनला आलो."

सुनील गप्प राहिला. मी न्यूज डेस्कवर काम करते, म्हणून माझ्याकडूनही शब्द घेतला.

"खुर्ची सोडली ही माझी चूक हाय. बाकीचं तो सांगंल स्वतःच. तू कुठं लिहू नको."

त्याला स्क्रीनवरून काढून स्टोअरला टाकलं. तेव्हापासून जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. महेशचा येईल म्हणून.

आला नाही.

आज सकाळी महेशची पोस्ट आली. कंट्रोल रूममधला दोघांचा फोटो. "दादांनी मला स्क्रीन वाचायला शिकवलं."

महेशभावजी, फोटो छान आहे. पण त्याखाली तीन शब्द हवे होते.

खुर्चीत मी होतो.

इतकी वर्षं लोकांचा मजकूर कापत आले. याहून लहान मजकूर कुणाकडे मागितला नाही.

सुनील, तुला दिलेला शब्द आज मोडला.

आता फोनची वाट बघू नकोस. सुखाने जा.