जाऊबाईंनी कापलेली आठ वर्षं

थोरल्या जाऊबाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. कागदोपत्री मात्र त्या पाच वर्षांनी लहान आहेत. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

झालं असं की थोरले दीर अंथरुणाला खिळले आणि जाऊबाईंनी बुटांच्या दुकानात नोकरी धरली. दुकानाला तिशीच्या आतली बाई हवी होती, आणि यांनी तर पस्तिशी ओलांडलेली. त्यांनी सरळ आठ वर्षं कापून टाकली. पुढे सगळे कागद त्याच हिशेबाने होत गेले. त्या संध्याकाळी भांडी विसळताना मला म्हणाल्या, "धाकटे, हे तुझ्यामाझ्यातच राहू दे." मी ते तारखेनिशी वहीत लिहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

पुढची तीस वर्षं त्यांनी दुकानात काढली. उकिडवं बसून गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा, तो आवडला नाही की उठून शिडीवर चढायचं, वरच्या फळीवरचा खोका काढायचा, पुन्हा खाली बसायचं. दिवसातून शंभर वेळा. मी टायपिस्ट. माझी तीच वर्षं खुर्चीत गेली. पंचेचाळिशीत माझे केस पिकले, कंबर धरली. एकदा भाजीवाल्याने मला जाऊबाईंची आई ठरवलं, तर त्यांनी हसून ते पाच घरांत सांगितलं. आमचे हे असेपर्यंत म्हणायचे, "वहिनींकडे बघ जरा." हे वाक्य माझ्या वह्यांत अकरा ठिकाणी सापडतं.

गेल्या महिन्यात जाऊबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. पुतण्याने फॉर्मवर वय लिहिलं एकाहत्तर. त्या बिचाऱ्याला तेच माहीत. आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. गेल्या वर्षी माझ्या हर्नियाच्या वेळी याच होत्या. त्यांनी जाऊबाईंना वय विचारलं, जिने चढता येतात का विचारलं. मग समजावून सांगितलं, की चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाला भूल थोडी थोडी कमी लागत जाते, म्हातारपणी जास्त झाली तर रक्तदाब पडतो, शुद्धीवर यायला वेळ लागतो. म्हणून वय नीट कळायला हवं. जाऊबाईंनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "एकाहत्तर."

मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. उलट त्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

त्यांना कार्डिओग्राम काढायला नेलं. मी उठले आणि बाईंना बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"त्यांना एकोणऐंशी पूर्ण आहेत," मी म्हणाले. "मी लिहून ठेवलंय."

हे सांगताना मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काळजी होतीच, उद्या काही बरंवाईट झालं असतं तर मी स्वतःला क्षमा केली नसती. पण त्या काळजीत गोडीही होती. चाळीसेक वर्षांनी का होईना, कुणीतरी जाऊबाईंना त्यांच्या खऱ्या वयाने मोजणार होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन छान पार पडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसतच.

"बरं झालं सांगितलंत. मी हात आखडूनच सुरुवात केली. पण काकूंना ते पुरेचना. त्यांच्या कपाळाला पट्टी लावली होती, झोप किती खोल आहे ते यंत्रावर दिसतं. बघत बघत वाढवावी लागली. अखेर साठीच्या बाईला लागते तेवढी भूल लागली. जन्मतारखेचं वय वेगळं, शरीराचं वेगळं."

माझ्याने राहवलं नाही. "आणि मला गेल्या वर्षी?"

त्या जरा घुटमळल्या. "तुम्हाला तुमच्या वयाच्या मानाने थोडी कमीच लागली होती, आजी."

त्या काकू आणि मी आजी.

दुपारी जाऊबाईंनी डोळे उघडले आणि आधी मलाच शोधलं. "तूच सांगितलंस ना?"

"हो. भूल जास्त झाली असती म्हणजे?"

"झाली असती तर तुला बरंच झालं असतं," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आठ दिवस माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पुतण्याला वाटलं, औषधांचा परिणाम.

नवव्या दिवशी टाके काढायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साठीची गोष्ट त्यांनाही सांगितली. तिथून जाऊबाईंचं मौन सुटलं ते सुटलंच. जे वय त्यांनी अर्धं आयुष्य लपवलं, तेच आता जिन्यात, लिफ्टमध्ये, केमिस्टकडे, भेटेल त्याला सांगतात. "एकोणऐंशी पूर्ण. भूल मात्र साठीची लागली, विचारा डॉक्टरांना." लोक तोंडात बोटं घालतात. मग त्या मला पुढे करतात, "आणि ही माझी धाकटी जाऊ."

माझं वय त्या सांगत नाहीत. लोक माझ्याकडे बघतात आणि आपापला अंदाज बांधतात.